हिरव्या सर्व्हरचे पाणी कोणाच्या हिश्श्याचे?

रोह्याकडच्या एका बुद्धविहाराच्या वाचनालयाने स्वतःचे संकेतस्थळ काढायचे ठरवले. ऐवज मोठा नाही. चार कपाटे पुस्तके, जयंतीच्या आणि महापरिनिर्वाण दिनाच्या विशेषांकांचे गठ्ठे, जुन्या सभांची छायाचित्रे आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणींचे ध्वनिमुद्रण. वाळवी आणि कोकणातला पाऊस यांच्या तावडीतून हे वाचवायचे तर संगणकावर चढवणे भाग होते. पेणला छपाईचे आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान चालवणारा आपलाच एक तरुण हे काम पदरमोड करून करायला तयार झाला. त्याने समितीच्या बैठकीत तीन कंपन्यांची दरपत्रके मांडली. दोन साधी होती. तिसऱ्यावर हिरवे पान छापलेले आणि खाली शब्द होते: शंभर टक्के हरित होस्टिंग. वर्षाला काही शे रुपये जादा.

“काका, जादा पैसे मी घालतो. पण आपण चळवळीची माणसं, आपण हिरवंच घ्यायला पाहिजे,” तो म्हणाला.

समितीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी चष्मा पुसत विचारले, “हिरवं म्हणजे नेमकं काय रे बाबा?”

पोरगा गप्प झाला. खरे सांगायचे तर आम्ही सगळेच गप्प झालो. हा लेख त्या गप्प बसण्यातून निघाला आहे.

संकेतस्थळ आकाशात तरंगत नाही. ‘क्लाउड’ हा शब्द ज्याने रूढ केला त्याने मोठी हातचलाखी केली. ढग म्हटले की त्याला वजन नाही, मालक नाही आणि बिलही नाही असे वाटते. प्रत्यक्षात लोखंडी कपाटांत ओळीने मांडलेले संगणक म्हणजे सर्व्हर, अशा शेकडो-हजारो कपाटांची इमारत म्हणजे डेटा सेंटर, आणि त्यातल्या एखाद्या सर्व्हरचा कोपरा वर्षाच्या भाड्याने घेणे म्हणजे होस्टिंग. आपल्या वाचनालयाचा कोपरा म्हणजे चाळीतली खोलीसुद्धा नव्हे, खोलीतली एक खाट. पण इमारत दिवसरात्र चालते. सर्व्हर चालवायला वीज लागते, चालून तापलेले सर्व्हर थंड ठेवायला पुन्हा वीज लागते, आणि अनेक ठिकाणी पाणी. वीज गेली तर दारातले डिझेल जनरेटर धडधडू लागतात.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज खाल्ली. जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या आसपास जाईल असा तिचा अंदाज आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो गाजावाजा आपण रोज ऐकतो त्याचे इंधन हेच.

हे सगळे कुठेतरी अमेरिकेत चालते असे समजण्याचे दिवस गेले. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश काढला आणि इथे डेटा सेंटरांची लाट आली. देशातल्या एकूण क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईत आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जिथे एके काळी रासायनिक कारखान्यांची धुराडी होती तिथे आता खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. जुलै २०२० मध्ये पनवेल तालुक्यात हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीचे मोठे डेटा सेंटर सुरू झाले. पनवेल म्हणजे रायगड जिल्हाच. २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात राज्य सरकारने डेटा सेंटरांसाठी सवलतींची दारे उघडली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावे नव्या नगरासाठी अधिसूचित झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. ‘तिसरी मुंबई’ पेणच्या वेशीवर येऊन ठेपली आहे. म्हणून होस्टिंग हिरवे की काळे, हा प्रश्न आपल्याला नुसता ग्राहक म्हणून पडत नाही. उद्या ती इमारत आपल्याच शिवारात उभी राहू शकते.

आता ते हिरवे पान. होस्टिंगवाला ‘आम्ही हरित आहोत’ म्हणतो तेव्हा तो चारपैकी एखादी गोष्ट सांगत असतो. त्याच्या डेटा सेंटरने स्वतःचे सौर पॅनेल बसवलेले असतात. किंवा त्याने एखाद्या सौर-पवन प्रकल्पाशी वीजखरेदीचा दीर्घ करार केलेला असतो. किंवा त्याने नुसती प्रमाणपत्रे विकत घेतलेली असतात. किंवा कुठेतरी झाडे लावल्याची पावती फाडलेली असते. पहिल्या दोन गोष्टींत काही दम आहे. तिसरी गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. आपल्या देशात २०१० पासून नवीकरणीय ऊर्जेच्या प्रमाणपत्रांचा बाजार चालतो. एक हजार युनिट नवीकरणीय वीज तयार झाली की एक प्रमाणपत्र. वीज एकाला विकता येते, प्रमाणपत्र दुसऱ्याला. म्हणजे सर्व्हर चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावर चालू शकतो आणि भिंतीवर मात्र राजस्थानच्या उन्हाचा दाखला टांगता येतो. कायद्याने यात गैर काही नाही. या पैशातून नवे सौर प्रकल्प उभे राहायला हातभार लागतो, हेही खरे. पण सूर्य सहाला मावळतो, सर्व्हर रात्रभर चालतो, आणि त्या रात्रीची बेरीज वर्षाअखेरच्या कागदावर मिटवून टाकली जाते. चौथ्या गोष्टीविषयी न बोललेले बरे. झाड वाढायला वीस वर्षे लागतात, जाहिरात आजची असते.

आणि मोठी गंमत अशी की आपल्याला होस्टिंग विकणारा बहुतेक वेळा डेटा सेंटरचा मालक नसतोच. तो पोटभाडेकरू असतो, कधी पोटभाडेकरूचा पोटभाडेकरू. त्याला स्वतःलाही ठाऊक नसते की सर्व्हर महाप्यात आहे की सिंगापूरला. पान मात्र तो बिनदिक्कत छापतो.

एवढे झाल्यावरही हा सगळा हिशेब फक्त विजेचा झाला. पाण्याचा रकाना त्या पानावर नसतोच. पेण-रोह्याच्या माणसाला तो रकाना दिसलाच पाहिजे, कारण या भागाचा अर्धा इतिहास पाण्याच्या पळवापळवीचा आहे.

पेण तालुक्यातले हेटवणे धरण घ्या. धरण तालुक्यात, डोंगर तालुक्यातले, बुडालेली जमीन तालुक्यातली. पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईच्या वसाहतींना जाते, आणि वाढीव पाणी नेण्यासाठी बोगद्याचे काम हाती घेतले गेले. त्याच तालुक्याच्या खारेपाटात, वाशी-शिर्की भागात, उन्हाळा आला की बायका हंड्यांची रांग लावून टँकरची वाट पाहतात. विहिरीला खारे पाणी, खाडीला खारे पाणी, आणि गोडे पाणी जलवाहिनीतून परगावी. २००८ साली याच हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी महामुंबई सेझला नकार दिला. २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाने तिथे मतदान घेतले. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन अशा कार्यकर्त्यांनी तो लढा रस्त्यावर आणि कागदावर दोन्हीकडे लढवला. शेतकऱ्यांचे म्हणणे सरळ होते: आमच्या जमिनीला धरणाचे पाणी मिळणार असे तुम्हीच ठरवलेत, मग तीच जमीन सेझला कशी देता? बहुसंख्यांनी विरोधात मत दिले आणि प्रकल्प बारगळला. हा मोठाच विजय होता. पण आपण चळवळीच्या नजरेने पाहतो म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मत सातबारावर नाव असणाऱ्याला होते. त्याच शेतात राबणारा कातकरी, सातबारा नसलेला बौद्ध शेतमजूर, त्याला कोणी विचारले नाही. उद्या डेटा सेंटरसाठी जमीन मागितली जाईल तेव्हाही विचारले जाईल ते सातबाराला.

पाणी किती लागते? बाष्पीभवनाने थंडावा करणाऱ्या एक मेगावॉटच्या केंद्राला वर्षाला सुमारे अडीच कोटी लिटर पाणी लागते, असा ढोबळ अंदाज या धंद्यात नेहमी दिला जातो. म्हणजे दिवसाला सुमारे ७० हजार लिटर. जलजीवन मिशनचे माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. भागाकार केला तर एका मेगावॉटमागे साडेबाराशे माणसांचे पिण्या-वापरण्याचे पाणी. असे ५० मेगावॉटचे केंद्र असेल तर बासष्ट हजार माणसांचे. २०११ च्या जनगणनेत पेण शहर जेमतेम ३८ हजारांचे आणि रोहा-अष्टमी २१ हजारांचे होते. दोन्ही शहरे मिळून त्या आकड्याला पुरत नाहीत.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. सगळी केंद्रे अशी चालत नाहीत. काही ठिकाणी हवेवर थंडावा करतात, काही ठिकाणी तेच पाणी बंद नळ्यांतून फिरवतात, काही ठिकाणी शुद्ध केलेले सांडपाणी वापरतात. पण मेख अशी आहे की पाणी वाचवायला गेले की वीज जास्त लागते आणि वीज वाचवायला गेले की पाणी जास्त जाते. कोकणातल्या दमट हवेत तर बाष्पीभवनाचा फायदाही कमी. तेव्हा ‘आमची वीज सर्वांत कमी’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले की लगेच विचारायचे, मग पाणी किती? जो एकच आकडा सांगतो तो दुसरा लपवतो, असे समजून चालायला हरकत नाही.

रोह्याच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. कुंडलिका बारमाही वाहते ती तिच्या पुण्याईने नव्हे. घाटावर मुळशीचे धरण आहे. तिथले पाणी डोंगरातून खाली सोडून टाटांच्या भिरा केंद्रात वीज तयार होते आणि वापरून झालेले पाणी कुंडलिकेत येते. हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. त्याआधी १९२१ पासून मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो मोडला गेला. पाणी मावळाचे, उतार कोकणचा, वीज मुंबईच्या गिरण्यांची. त्या काळात जलविजेला ‘पांढरा कोळसा’ म्हणत. धूर नाही, राख नाही, म्हणून पांढरा! बुडालेली गावे त्या रंगात दिसत नसत. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय म्हणून मान्यता दिली. पांढऱ्याचे हिरवे व्हायला असा अवकाश लागतो.

आणि याच १९२७ साली, याच कुलाबा जिल्ह्यात, मार्च महिन्यात महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकाच जिल्ह्यात एकाच वर्षी पाण्याचे दोन हिशेब मांडले गेले. एकात पाणी किती युनिट वीज देते हे मोजले, दुसऱ्यात ते कोणाला पिता येत नाही हे विचारले.

बाबासाहेबांना विजेचे वावडे होते असे मात्र कोणी समजू नये. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते आणि वीज व पाटबंधारे त्याच खात्यात येत. दामोदर खोऱ्याची योजना, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, जलमार्ग व पाटबंधारे आयोग यांची पायाभरणी त्या काळातली. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरणावर बोलताना त्यांनी दारिद्र्यातून सुटायचे तर उद्योग हवेत, उद्योगांना स्वस्त आणि मुबलक वीज हवी, असे मांडले आणि ही वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न तिथेच टेबलावर ठेवला. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात तर कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे त्यांनी स्वच्छ लिहिले. तेव्हा डेटा सेंटर नकोच, संगणक नकोच, असली भाषा आपली असू शकत नाही. आपल्या मुलांना संगणक हवा आहे आणि रोजगारही हवा आहे. पण या इमारतीत रोजगार असतो किती? बांधकाम चालू असताना शेकडो हातांना काम, बांधून झाल्यावर काही इंजिनीअर आणि फाटकावर कंत्राटी पहारेकरी. इंजिनीअर कुठून येतात आणि पहारेकरी कुठून, हे पेणच्या वाचकाला सांगायला नको. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि सवलती मात्र सरकारी.

हिरव्या विजेची जमीन हाही असाच पदराआडचा विषय. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० खाली सरकारी जमिनींवर सौर प्रकल्प उभे राहू लागले, त्यात गायरानेही आली. ती वीज शेतीपंपांसाठी आहे, डेटा सेंटरसाठी नाही, हे मान्य. पण गायरान म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवू नये. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते याच जमिनींसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला, आणि कितीतरी कुटुंबे आजही त्या कागदाची वाट पाहत आहेत. उद्या त्यांच्या वहितीवर काचेची तावदाने उभी राहिली तर ती वीज कोणत्याही कोष्टकात हिरवीच मोजली जाईल.

मग ग्राहकाने काय करायचे? ग्राहकाच्या हातात काहीच नाही असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’, ‘स्वच्छ’ असे मोघम शब्द वापरायचे तर त्यामागचा पुरावा ग्राहकाला सहज पाहता आला पाहिजे, असे ती सांगतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. एक अट लक्षात ठेवावी. व्यापारासाठी घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही, मात्र स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी घेतलेली बसते. म्हणजे मोठी निर्यात कंपनी बाहेर, पण स्वतः हातात माती घेऊन बसणारा आणि संकेतस्थळावरून मूर्ती विकणारा पेणचा कारागीर आत.

हा पेणचा कारागीर या विषयातला जाणकार आहे, बरे का. शाडू की प्लास्टर, यावरून तो गेली कित्येक वर्षे कोर्टकचेऱ्या आणि नियमावल्या सोसतो आहे. ‘इको-फ्रेंडली’ची चिठ्ठी चिकटवली की मूर्तीला दर चढतो, आणि चिठ्ठी चिकटवणारा माल पाहतोच असे नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे. त्याच्या पर्यावरणाची तपासणी करायला अधिकारी येतात. सर्व्हरच्या पानाची तपासणी करायला कोण येते?

म्हणून विचारायचे. सर्व्हर कोणत्या शहरात आहे, वीज कराराची की नुसत्या प्रमाणपत्राची, वर्षाला पाणी किती आणि ते कोणत्या धरणाचे, डिझेल किती तास जळते, जुने सर्व्हर कोणाकडे मोडीत जातात. शेवटचा प्रश्न उगाच नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले, तरी तारा जाळून तांबे काढणारे हात कोणत्या वस्त्यांतले असतात हे पाहायला फार लांब जावे लागत नाही.

यात आत्मवंचना नको. आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ वर्षभरात जेवढी वीज खाईल तेवढी विहारातला एक पंखाही खात असेल. आम्ही हिरवे घेतले म्हणून पृथ्वी वाचणार नाही. खरा फरक पडतो तो पान किती जड आहे याने. आमच्या त्या तरुणाने छायाचित्रे चढवून पाहिली तेव्हा एकेक आठ-आठ मेगाबाइटचे निघाले. ती त्याने लहान केली, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ काढून टाकला, ध्वनिमुद्रणे हलक्या स्वरूपात ठेवली. सर्व्हरचे काम कमी झाले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खारेपाटात जिथे मोबाइलची एक काडी मुश्किलीने येते तिथेही पान उघडू लागले. वीजच हिरवी हवी असेल तर विहाराच्या बिलावरही ती मागता येते. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २०२१ साली तशी सोय केली, त्या वेळी युनिटमागे ६६ पैसे जादा ठरले होते.

समितीच्या पुढच्या बैठकीत ठराव झाला. साधेच होस्टिंग घ्यायचे, पण त्या हिरव्या कंपनीला हे सगळे प्रश्न मराठीत लिहून पाठवायचे. पत्र गेले. विजेच्या प्रश्नाला दोन दिवसांत उत्तर आले, सोबत प्रमाणपत्राची प्रत. पाण्याचा प्रश्न ‘संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ असे कळवले आहे. निवृत्त शिक्षकांनी त्या उत्तराची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवली आहे आणि तिच्यापुढची ओळ कोरी सोडली आहे.